शेपटी कुठली हवी? (आमची वाटचाल)

आम्ही दोघं मूळचे सोलापूरचे, आता राहतो स्वीडनमधल्या बोरोसला. बोरोस म्हणजे इथलं कापडाचं गाव, जुन्या गिरण्या, टेक्सटाइल कॉलेज, सगळं इथंच, मी शिकायला म्हणून आले आणि मग इथलीच झाले. आमचा धंदा छोटा आहे, एकाच जातीच्या कुत्र्याच्या मालकांसाठी गिफ्ट बनवतो. वेस्टगोटास्पेट्स, बाहेरच्या देशांत ज्याला स्वीडिश वालहुंड म्हणतात तो. लॅब्राडोरचं पण करा की, जास्त खपेल, असं सगळेच सांगतात. खपेलही, पण आमचा जीव याच्यावरच आहे.

हा बुटका, लांबट, नर साधारण ३३ सेंटीमीटर, मादी ३१, कान ताठ, रंग राखाडी नाहीतर तांबूस. काम गुरं वळायचं, गायीच्या टाचेला हलका चावा घेतो आणि लाथ यायच्या आत खाली दबतो. बोरोस ज्या वेस्टरगोटलांड प्रांतात येतं तिथलाच हा. १९४२ च्या सुमाराला जात जवळपास संपत आली होती, तेव्हा काउंट ब्यॉर्न फॉन रोसेन आणि कार्ल-गुस्ताव झेटरस्टेन यांनी शेता-शेतावर शोध घेतला, मोप्सेन नावाचा एक नर आणि विवी, लेसी, टॉप्सी या माद्या मिळाल्या, त्यांच्यावर जात परत उभी राहिली आणि १९४३ ला स्वीडिश केनेल क्लबने, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या तिथल्या संस्थेनं, मान्यता दिली. इतक्या थोडक्यात वाचलेला कुत्रा आहे, म्हणून त्याचे मालक त्याच्याबाबतीत फार हळवे असतात, आणि ते बरोबरच आहे.

पण दुकानात त्यांना मिळतं काय, तर कॉर्गीचे, म्हणजे याच्यासारख्याच बुटक्या पण दुसऱ्या जातीच्या कुत्र्याचे मग आणि कॉर्गीच्या कीचेन! याच्या खांद्यावर फिकट पट्टा असतो, घोड्याला साज चढवल्यासारखा, तो कॉर्गीच्या चित्रात कुठून येणार. आम्ही सुरुवात टॉवेलनी केली, कारण ते आमच्या रक्तातलं, आणि इथं पावसात फिरून आलेला दाट केसांचा कुत्रा पुसायला चांगला टॉवेल लागतोच. सोलापूरला ओळखीच्या कारखान्यात जॅकार्डवर, म्हणजे विणतानाच नक्षी उठवणाऱ्या मागावर, विणून घेतो. दोन रंगांचा टेरी, म्हणजे धाग्याचे लूप असलेलं टॉवेलचं कापड, पुढून गडद कुत्रा, उलटला की तोच फिकट, आणि खांद्याचा पट्टा त्यात झकास उठून दिसतो.

खरी गंमत शेपटीची. या जातीत काहींना जन्मतःच आखूड शेपूट, काहींना नुसता खुंट, काहींची लांब आणि वर वळलेली, एकाच वेतात सगळे प्रकार निघू शकतात. १९८९ पासून स्वीडनमध्ये शेपूट कापायला बंदी आहे म्हणजे जी आली ती राहते. आता लांब शेपटीवाल्याच्या घरी खुंटवाल्याचा टॉवेल गेला तर तो त्यांचा कुत्राच नाही ना! पण प्रत्येक शेपटीचं डिझाइन वेगळं विणायचं म्हणजे प्रत्येकाचा वेगळा लॉट, एवढा माल छोट्या धंद्याला झेपत नाही. मग ह्यांनी सुचवलं की अंग सोलापूरला विणू आणि शेपूट इथं घरी मशीन एम्ब्रॉयडरीनी घालू. टेरीवर भरतकाम करताना धाग्याचे लूप मधूनच वर येतात, त्यासाठी वरून पाण्यात विरघळणारी फिल्म टाकायची, मग शेपूट स्वच्छ बसते. माझ्या मते आमच्या सगळ्या कामात हीच गोष्ट सगळ्यात चांगली जमली.

नंतर हळूहळू कुशन कव्हर, ख्रिसमस ट्रीला टांगायचे लोकरीचे कुत्रे आणि जॅकेटला लावायचे रिफ्लेक्स, म्हणजे अंधारात उजेड पडला की चमकणारे बिल्ले, आले. रिफ्लेक्सला तोड नाही, हिवाळ्यात दुपारीच अंधार पडतो आणि कुत्र्याला तर फिरवायलाच लागतं. घेणारे बहुतेक स्वतःसाठी घेत नाहीत, मुलगी बाबांसाठी, नाहीतर सुट्टीत जिच्याकडे कुत्रा ठेवला होता त्या शेजारणीसाठी, आणि कधी कधी कुत्रा गेलेल्या घरासाठी मागतात, तेव्हा फोटो बघून आम्ही शेपूट दोनदा तपासतो.

आता गाडीच्या मागच्या सीटसाठी जाड चादर चालू आहे, सोलापुरी चादरीच्याच विणीची, वसंतात येईल. ख्रिसमसच्या ऑर्डर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत द्या, आणि फोटो बाजूनी काढलेला पाठवा, उभा कुत्रा, शेपटीसकट.