रेल्वे आमचा तिसरा फेज नेते का?

खानापुरात माझे मोटार रिवाइंडिंगचे, म्हणजे पंपांच्या जळलेल्या मोटारींत नवी तार गुंडाळून देण्याचे, दुकान आहे. उन्हाळ्याच्या तोंडाला मलप्रभेच्या काठच्या गावांतून जळलेल्या मोटारी येऊ लागतात, आणि पुढचे दोन-तीन महिने वार्निशच्या वासातच जातात. यंदा अशाच एका सकाळी ओळखीचे एक वयस्कर शेतकरी टेम्पोतून पाच एचपीची मोनोब्लॉक मोटार घेऊन आले. कव्हर काढून पाहिले, तर तीनपैकी दोन फेजची (फेज म्हणजे थ्री-फेज विजेच्या तीन तारांपैकी एक) कॉइल काळी ठिक्कर पडलेली आणि तिसऱ्या फेजची तार अजून तांबूस, जशी गुंडाळली होती तशीच.

“एक फेज गेलेला दिसतो, काका.”

“जाणारच की रे. रेल्वेला तो दांडगा टीसी बसल्यापासनं आमचा एक फेज तिकडं जाऊलालाय म्हणूलालेत गावात.”

टीसी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. हा समज मी त्याआधीही दोघा-तिघांच्या तोंडून ऐकला होता. तो चुकीचा आहे, पण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, आणि म्हणूनच तो नुसता झटकून न टाकता त्याला नीट उत्तर द्यावे असे मला वाटले. रेल्वे खरोखरच तीन फेज सारखे घेत नाही. रेल्वेच्या ट्रान्सफॉर्मरचे सगळे वेगळेपण या एका गोष्टीतून निघते.

आधी शब्दांविषयी थोडे. सीमेपलीकडच्या मराठी वर्तमानपत्रांत ज्याला रोहित्र म्हणतात आणि तिकडचे शेतकरी डीपी म्हणतात, त्याला आमच्या बेळगाव-खानापूर भागात सगळे टीसी म्हणतात. कन्नडमध्ये त्यालाच परिवर्तक म्हणतात. वस्तू एकच आहे. लोखंडी पत्र्यांच्या गाभ्याभोवती तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची दोन वेटोळी असतात. एकात बदलती वीज सोडली की गाभ्यात चुंबकीय प्रवाह सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होतो आणि त्यामुळे दुसऱ्या वेटोळ्यात वेढ्यांच्या प्रमाणात दाब (व्होल्टेज) तयार होतो. शेतातला टीसी ११ केव्हीचे, म्हणजे ११ हजार व्होल्टचे, ४३३ व्होल्ट करतो. त्याची क्षमता २५, ६३ किंवा १०० केव्हीए असते आणि तो तीन फेज घेऊन तीन फेज देतो.

रेल्वेच्या उपकेंद्रातला ट्रान्सफॉर्मर जातीनेच निराळा असतो. तो ११ केव्हीच्या लाइनवर नसतो. त्याला वीज मिळते ती २२०, १३२, ११० किंवा ६६ केव्हीच्या वाहिन्यांवरून. उत्तर कर्नाटकात या पातळीवर मुख्यतः ११० केव्हीचे जाळे आहे, तर दक्षिण कर्नाटकात ६६ केव्हीचे. त्या वाहिनीच्या तीन तारांपैकी फक्त दोन तारा ट्रान्सफॉर्मरच्या प्राथमिक वेटोळ्याला जोडतात. दुय्यम बाजूला भार नसताना २७ केव्ही मिळतात. तिथले एक टोक रुळांच्या वरून जाणाऱ्या तारेला जाते आणि दुसरे टोक जमिनीला व रुळांना जोडलेले असते. भारतीय रेल्वेत सर्रास वापरला जाणारा असा ट्रान्सफॉर्मर २१.६ एमव्हीएचा असतो, म्हणजे १०० केव्हीएच्या २१६ टीसींएवढा. २१,६०० केव्हीएला २७ केव्हीने भागले की ८०० ॲम्पिअर येतात. अशा ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भार तो हाच.

एकच फेज का, याचे कारण इंजिनाच्या डोक्यावर पाहिले की कळते. पॅन्टोग्राफ, म्हणजे छतावरची वीज घेणारी चौकट, एका तारेला घासत जातो आणि परतीची वाट रुळांची असते. तीन फेज द्यायचे तर रुळांखेरीज डोक्यावर आणखी एक तार हवी. इटलीत विसाव्या शतकाच्या आरंभापासून अशी दोन तारांची थ्री-फेज रेल्वे अनेक वर्षे चालली, परंतु प्रत्येक सांध्यावर आणि फाट्यावर दोन तारा एकमेकींपासून दूर ठेवण्याची कसरत तिला करावी लागे, आणि अखेरीस ती पद्धत मागे पडली. एक तार आणि दोन रूळ हीच सुटसुटीत जुळणी जगभर टिकली.

आपल्याकडे पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत धावली, ती १५०० व्होल्ट डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर. डीसीला ट्रान्सफॉर्मर चालत नाही, त्यामुळे इंजिनाच्या मोटारींना झेपेल तेवढाच दाब तारेत ठेवावा लागे. आजच्या डब्ल्यूएपी-७ किंवा डब्ल्यूएजी-९ इंजिनाचा जोर साधारण साडेचार मेगावॅट धरला, तर १५०० व्होल्टला त्यासाठी ३००० ॲम्पिअर लागतील. २५ केव्हीला मात्र १८० ॲम्पिअर पुरतात. तारेत वाया जाणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे हा फरक सोळा-सतरा पटींपुरता राहत नाही. डीसी पद्धतीत उपकेंद्रे काही किलोमीटरांवर लागतात, २५ केव्हीला ती ४० ते ५० किलोमीटरांवर चालतात. १९५७ साली भारतीय रेल्वेने फ्रान्समधला अनुभव पाहून २५ केव्ही, ५० हर्ट्झ ही पद्धत स्वीकारली. त्या निर्णयानेच दाब उतरवण्याचे काम इंजिनाच्या पोटातल्या दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर सोपवले आणि मिरज-लोंढा मार्गासारख्या लांबच्या मार्गांना वीज परवडण्याजोगी झाली. नव्वदच्या दशकापर्यंत आमच्या या मार्गावर मीटरगेजची गाडी धावत होती, हे माझ्या मुलांना सांगूनही पटत नाही.

आता काकांचा मुद्दा. तीन तारांपैकी दोनच वापरल्या तर तिसरीवर भार येत नाही आणि समतोल बिघडतो, हे खरे आहे. म्हणून रेल्वे पाळी लावते. तीन फेजांना आर, वाय आणि बी म्हणतात. एक उपकेंद्र आर आणि वाय या फेजांवर, पुढचे वाय आणि बी वर, त्यापुढचे बी आणि आर वर, अशी जोडी फिरत जाते, म्हणजे लांबच्या पल्ल्यात भार तिन्ही फेजांवर वाटला जातो. पण कुठल्याही एका क्षणी एका उपकेंद्राखाली मालगाडी असते आणि दुसऱ्याखाली काहीच नसते, त्यामुळे वाटणी कधी तंतोतंत होत नाही. उरलेला असमतोल विरघळतो तो वरच्या वाहिनीच्या ताकदीत. ११० किंवा २२० केव्हीच्या जाळ्यामागे एवढी मोठी शक्ती उभी असते की एका गाडीच्या ओढीने तिथल्या दाबात फारच थोडा फरक पडतो. याच कारणाने रेल्वेला शेताच्या ११ केव्ही लाइनवर जोडत नाहीत. तसे जोडले असते, तर काकांची शंका शंभर टक्के खरी ठरली असती.

असमतोल ही क्षुल्लक गोष्ट मुळीच नाही, हे रिवाइंडिंग करणाऱ्याला कुणी सांगावे लागत नाही. थ्री-फेज मोटारीला मिळणाऱ्या दाबात १ टक्का असमतोल असला तर तिच्या प्रवाहात ६ ते १० टक्क्यांपर्यंत असमतोल येऊ शकतो. त्यातला एक भाग रोटरच्या (मोटारीच्या फिरणाऱ्या भागाच्या) उलट दिशेने फिरणारे चुंबकीय क्षेत्र तयार करतो. मोटार चालत राहते, पण आतून तापत जाते.

दुसऱ्या दिवशी मी तीन बल्बांची पाटी घेऊन काकांच्या शेतावर गेलो. ही पाटी म्हणजे एका फळीवर तीन होल्डर आणि प्रत्येकात १०० वॅटचा साधा बल्ब. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये एकेक बल्ब लावला, तेव्हा एक नेहमीसारखा लख्ख पेटला आणि दोन निखाऱ्यासारखे लालसर राहिले. हे चिन्ह फार बोलके असते. खालच्या बाजूची तार तुटली असती तर एक बल्ब अजिबात पेटला नसता. एक पूर्ण आणि दोन अर्ध्या दाबावर, याचा अर्थ टीसीच्या वरच्या, ११ केव्हीच्या बाजूला तीनपैकी एक फ्यूज गेला आहे. पूर्ण दाब एकाच वेटोळ्याला मिळतो आणि उरलेली दोन एकामागे एक जोडल्यासारखी होऊन तो दाब अर्धा अर्धा वाटून घेतात. डेल्टा जोडणीच्या (तिन्ही कॉइल त्रिकोणात जोडलेल्या) मोटारीत अशा वेळी दोन फेज जळतात आणि एक वाचतो, नेमके तेच दुकानात दिसले होते. लाइनमनने फ्यूजची तार घातल्यावर तिन्ही बल्ब सारखे पेटले. काका फळीकडे बराच वेळ बघत राहिले.

“मग रेल्वेच्या टीसीत असं होत नाही?” त्यांनी विचारले.

रेल्वेच्या ट्रान्सफॉर्मरचे दुखणे वेगळे असते. शेतातल्या टीसीवर भार हळूहळू चढतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. रेल्वेचा भार गाडीबरोबर येतो आणि गाडीबरोबर जातो. लोंढ्याच्या पलीकडे कॅसलरॉकहून कुळेकडे उतरणारा घाट ३७ ला १ इतक्या चढाचा आहे. अशा चढावर मालगाडीला पुढून-मागून जादा इंजिने लावावी लागतात आणि ती सगळी एकाच वेळी एकाच तारेतून ओढतात. म्हणून या ट्रान्सफॉर्मरने क्षमतेच्या दीडपट भार १५ मिनिटे आणि दुप्पट भार ५ मिनिटे सोसला पाहिजे, अशी अटच असते. तांबे मिनिटांत तापते, पण टाकीतले हजारो लिटर तेल तापायला तास लागतात. गाडी तेवढ्यात चढ चढून जाते आणि तेल पुन्हा निवते. या सगळ्यात खरा जीव असतो वेटोळ्यांवर इन्सुलेशन म्हणून गुंडाळलेल्या कागदाचा. आमच्या धंद्यात मोटारीचे तापमान मर्यादेवर १० अंश वाढले की इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते असा ठोकताळा आहे. तेलात बुडालेल्या कागदाबाबत तोच हिशेब ६ अंशांचा धरतात.

त्याहून कठीण परीक्षा शॉर्ट सर्किटची. रुळावरची तार उघड्यावर असते. तिच्यावर फांदी पडते, माकड उडी मारते, पक्षी पंख पसरतो. प्रत्येक वेळी ब्रेकर, म्हणजे वीज आपोआप तोडणारा स्विच, उघडतो, क्षणभराने पुन्हा मिटतो, आणि ट्रान्सफॉर्मरला हिसका बसतो. २१.६ एमव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा अंतर्गत रोध १२ टक्के असतो, म्हणजे उपकेंद्राच्या अगदी जवळ दोष झाला तर प्रवाह पूर्ण भाराच्या सुमारे आठपट, साडेसहा हजार ॲम्पिअरच्या घरात जाऊ शकतो. वेटोळ्यांवरचा यांत्रिक जोर प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. आठपटीचा वर्ग चौसष्ट. आतले वेटोळे आत दबते, बाहेरचे बाहेर फुगू पाहते, वरखाली ठोकर बसते. मी पाच एचपीची कॉइल सुतळीने बांधतो, तेव्हा ती सुरू होतानाचा हिसका सोसेल ना, एवढीच काळजी करतो. असे हिसके वर्षानुवर्षे सोसून जागच्या जागी राहतील अशी वेटोळी आवळून बसवणाऱ्या कारागिरांविषयी मला मनापासून आदर वाटतो.

एकदा आमच्या मार्गावरच्या एका उपकेंद्राच्या कुंपणाबाहेर मी बराच वेळ उभा होतो. आत दोन ट्रान्सफॉर्मर शेजारी शेजारी होते, एक कामावर आणि एक राखीव. कुणी माणूस दिसत नव्हता, कारण ब्रेकर दूरच्या नियंत्रण कक्षातून चालवले जातात. गुणगुण सारखी ऐकू येत होती. गाभ्याचा पत्रा चुंबकीय प्रवाहाच्या प्रत्येक अर्ध्या फेरीला किंचित लांबतो-आखडतो, म्हणून तो आवाज सेकंदाला १०० कंपनांचा असतो, आणि तो मुख्यतः दाबावर अवलंबून असल्यामुळे गाडी आली तरी फारसा बदलत नाही. टाकीच्या आणि वरच्या तेलाच्या पिंपाच्या मधल्या नळीत बुखोल्झ रिले बसवलेला असतो. आत कुठे कागद करपू लागला की निघणारे वायूचे बुडबुडे त्यात साठतात आणि धोक्याची घंटा वाजते. मोठा स्फोट झाला तर तेलाच्या लोंढ्याने तोच रिले ब्रेकर पाडतो. १९२१ पासून ही युक्ती चालत आली आहे. ब्रीदरच्या काचेत निळे सिलिका जेल होते आणि तळाशी बोटभर थर गुलाबी झाला होता. पावसाळी हवेतली ओल तेलापर्यंत पोचू न देण्याचे काम ते करत होते.

नवीन, अधिक वर्दळीच्या मार्गांसाठी स्कॉट जोडणीचे ट्रान्सफॉर्मर येऊ लागले आहेत. ते तिन्ही फेज घेतात आणि एकमेकांपासून ९० अंशांवरचे दोन सिंगल-फेज पुरवठे देतात, एक डावीकडच्या मार्गाला आणि एक उजवीकडच्या. दोन्ही बाजूंना सारख्या गाड्या असतील, तर वरच्या वाहिनीला तिन्ही फेजांवर समान भार दिसतो. काकांच्या शंकेला इतके सरळ उत्तर दुसरे नाही.

मात्र जिथे दोन वेगळे फेज भेटतात तिथे तार सलग ठेवता येत नाही, कारण पॅन्टोग्राफने दोन्ही एकदम जोडले तर दोन फेजांचा शॉर्ट होईल. म्हणून मध्ये वीज नसलेला छोटा तुकडा ठेवतात, त्याला न्यूट्रल सेक्शन म्हणतात. त्याच्या ५०० मीटर आणि २५० मीटर आधी चालकासाठी पाट्या असतात. तो इंजिनाचा ब्रेकर उघडतो, गाडी वेगावरच पलीकडे जाते, आणि मग तो ब्रेकर पुन्हा मिटतो. हे मी काकांना मोटार परत नेताना सांगितले होते.

महिन्याभराने ते नातवाला घेऊन मिरजेला निघाले होते. इंजिनाला लागून असलेल्या डब्यात बसले होते, आणि कुठल्याशा दोन स्टेशनांच्या मधून त्यांचा फोन आला. पलीकडून आधी इंजिनाच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती, मग ती थांबली आणि नुसता चाकांचा आवाज राहिला.

“पाट्या गेल्या दोन. आत्ता फेज बदलूलालाय बघ,” काका म्हणाले, आणि त्यांचे वाक्य संपते न संपते तोच घरघर पुन्हा सुरू झाली.