कोर्दोब्यात दोन मुक्काम

ऑफिसच्या कामासाठी दहा दिवस माद्रिदला जायचं ठरलं, आईचा शेंगेन व्हिसाही वेळेत हातात पडला आणि कामानंतरचे गुरुवार ते शनिवार आम्हा दोघींना मोकळे मिळाले. मार्चची अखेर होती. पहिल्या उत्साहात मी वहीत तोलेदो, सेव्हिल, ग्रानादा अशी तीन गावं लिहून टाकली. आईने यादी वाचली आणि म्हणाली, "अगं, यात बघायचं किती आणि गाडीत बसायचं किती?"

ग्रानादा आपोआप गळलं. तिथल्या अल्हाम्ब्रा या जुन्या किल्ल्यातल्या नासरी महालांत ठरावीक वेळेच्या तिकिटावरच सोडतात आणि आमच्या तारखांची तिकिटं केव्हाच संपली होती. तिथे जायचं असेल तर विमानाच्या तिकिटापाठोपाठ हेच काम करा. उरलेल्या दोन नावांवरही मी काट मारली आणि वहीत नसलेलं चौथंच गाव घेतलं, कोर्दोबा. माद्रिदच्या आतोचा स्टेशनवरून वेगवान गाडीने पावणेदोन तास, तिथून सेव्हिल आणखी पाऊण तास. रस्त्यातच पडतं म्हणून बहुतेक लोक त्याला चार तास देतात: सामान लॉकरमध्ये, मशीद, जेवण, पुढची गाडी. माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. रात्री राहा, शक्य असेल तर दोन.

तारखांबद्दल एक गोष्ट आधी सांगते. ईस्टरच्या आदल्या आठवड्यात अख्ख्या आंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, मिरवणुका असतात आणि खोल्यांचे भाव भडकतात. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे कॅलेंडर बघूनच ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, ते दिवस ज्येष्ठांना घेऊन जायचे नव्हेत.

शुक्रवारी सकाळी आम्ही सव्वाआठलाच मेस्किताच्या, म्हणजे इथल्या जुन्या मशिदीच्या, दाराशी जाऊन उभ्या राहिलो. सोमवार ते शनिवार साडेआठ ते साडेनऊ आत फुकट सोडतात आणि त्या तासात मोठे गट नसतात. पैसे वाचतात म्हणून नाही, शांततेसाठी जायचं. आत शिरल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ लागतो. मग खांबांमागे खांब दिसू लागतात, ८५६ आहेत. प्रत्येक खांबावर एकावर एक दोन कमानी, त्यांत लाल विटा आणि फिकट दगड आळीपाळीने बसवलेले. ७८५ च्या सुमारास कोर्दोब्याचा मुस्लिम अमीर पहिल्या अब्द अल-रहमानने ही मशीद बांधायला घेतली, तेव्हा जुन्या रोमन आणि व्हिसिगॉथ इमारतींचे खांब आणून वापरले. ते बुटके होते, शिवाय कमी-जास्त उंचीचे. म्हणून कुणाला खाली बैठक दिली, कुणाला जमिनीत थोडं उतरवलं, आणि छत उंच नेण्यासाठी कमानीवर कमान चढवली. म्हणजे या वास्तूचं सगळ्यात देखणं अंग अडचणीतून निघालेलं आहे. आई एकेका खांबावर हात ठेवून, वाकून त्याचा पाया बघत चालली होती.

पुढे दोनशे वर्षांत मशीद वाढत गेली. शेवटची मोठी वाढ दहाव्या शतकाअखेर तेव्हाचा सत्ताधारी मंत्री अल-मन्सूरने केली. तिथे जवळ जाऊन बघा: कमानींत विटा नाहीतच, दगडावर लाल रंगाचे पट्टे ओढलेत. त्याआधीच्या खलिफा दुसऱ्या अल-हकमच्या मिहराबाशी, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याशी, मात्र कुठेच काटकसर नाही. तिथल्या सोनेरी काचेच्या तुकड्यांसाठी बायझंटाइन सम्राटाने साहित्य आणि कारागीर पाठवल्याचं सांगतात.

१२३६ मध्ये ख्रिस्ती राजा तिसऱ्या फर्नांदोने शहर जिंकलं आणि मशिदीचं चर्च झालं. १५२३ पासून अगदी मधोमध खांब काढून उंच कॅथीड्रल उभारलं. नगरसभेचा विरोध होता, पण सम्राट पाचव्या कार्लोसने परवानगी दिली. पुढे स्वतः येऊन बघितल्यावर तो हळहळला असं म्हणतात. मलाही त्या जागी उभं राहून वाईट वाटलं, ते लपवत नाही. पण चर्च म्हणून वापरात राहिली म्हणूनच बाकीची मशीद आज उभी आहे, हेही मला तिथेच उमगलं.

बाहेरच्या अंगणाचं नाव पातिओ दे लोस नारांखोस, म्हणजे नारिंगांच्या झाडांचं अंगण. मार्चमध्ये या झाडांना फुलं येतात आणि गल्लीगल्लीत त्यांचा वास भरून असतो, आपल्या लिंबाच्या फुलासारखा पण गोडसर. हे 'नारांखा' म्हणजे आपलं नारिंगच. संस्कृत नारंग फारसीत गेलं, तिथून अरबीत आणि अरबांबरोबर स्पेनमध्ये. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग आपणच आलोय की इथे, हजार वर्षं आधी."

जेवणाचं मात्र नीट ठरवून जा. साल्मोरेखो हे इथलं थंड, दाट सार: टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्हचं तेल. आम्ही शाकाहारी, म्हणून पहिल्याच दुपारी हेच मागवलं, मांस नको असंही सांगितलं. वर खामोनचे, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे आणि उकडलेलं अंडं पेरून वाडगा पुढे आला. वाढणाऱ्याच्या लेखी ती नुसती सजावट होती. आई उपाशी उठली आणि मला फार लागलं ते. तेव्हापासून मागवतानाच 'सिन खामोन, सिन वेवो' हे शब्द म्हणायचे ठरवलं आणि पुढे अडचण आली नाही. याची भरपाई संध्याकाळी झाली. वांग्याचे पातळ काप कुरकुरीत तळून त्यावर उसाची काकवी सोडलेली बशी आली. 'म्येल दे कान्या' म्हणजे शब्दशः उसाचा मध, पण बोटाने चाखल्यावर आईने लगेच ओळखलं, "काकवी गं ही!" ऊसही अरबांनीच इथे आणला, आणि साखरेला स्पॅनिशमध्ये म्हणतात आसुकार, मूळ आपली शर्करा. जेवण रात्री नऊच्या आधी मिळणं कठीण, तेव्हा चार वाजता काहीतरी पोटात घाला.

मदीना आसाहारा शहराबाहेर आठेक किलोमीटरवर आहे. तिसऱ्या अब्द अल-रहमानने ९३६ मध्ये वसवायला घेतलेली राजधानी, १०१० च्या यादवीत लुटली गेली. बसने जाऊन यावं, सोमवारी बंद असतं. आम्ही शुक्रवारी दुपारी गेलो. ऊन फार होतं, म्हणून तासाभरात परतलो.

त्यापेक्षा जास्त वेळ आम्ही घरांच्या अंगणांना दिला. मे महिन्यात इथे अंगणांची स्पर्धा भरते, १९२१ पासूनची. तेव्हा घरोघरची दारं उघडी असतात. एरवी व्हियाना राजवाड्यातली बारा अंगणं बघायला मिळतात आणि सान बासिलियो भागातली काही घरं थोडे पैसे घेऊन आत येऊ देतात. पांढऱ्या भिंतीवर पार माडीपर्यंत कुंड्या टांगलेल्या, मध्ये विहीर. तिथल्या बाईंनी लांब काठीच्या टोकाला बांधलेला पत्र्याचा डबा हौदात बुचकळला आणि डोक्यावरच्या कुंडीत अलगद रिकामा केला, थेंबही सांडला नाही. आईने खुणेने विचारलं, मी करू का? बाईंनी हसत काठी तिच्या हातात दिली. आईचं निम्मं पाणी भिंतीवर गेलं, तरी तीन जेरॅनियमना मिळालं.

रात्री रोमन पुलावर गेलो. खाली ग्वादालकिवीर, अरबीत 'वादी अल-कबीर', मोठी नदी. पुलाच्या मध्यावर सान राफाएल या देवदूताच्या पुतळ्यापाशी मेणबत्त्या लावलेल्या होत्या.

शनिवारी आमची गाडी बाराला होती. आई सात वाजताच आवरून बसली होती. "त्या कमानी परत बघू." साडेआठला आम्ही पुन्हा आत. या खेपेला तिने मिहराबाकडे पाहिलंही नाही. अल-मन्सूरच्या बाजूला भिंतीशी काही ठसे मांडलेत, खांबांवर पाथरवटांनी कोरलेल्या खुणांचे आणि नावांचे. ते आधी नीट पाहून घेऊन ती खऱ्या खांबांवर तीच अक्षरं शोधत फिरली. साडेनऊ होत आल्यावर रखवालदार लोकांना बाहेर काढू लागला, तेव्हा ती एका खांबाशी थांबली होती आणि बोट कोरीव रेघेवरून उजवीकडून डावीकडे नेत होती.