आवाज वाढवला की गप्प

गाडी गॅरेजमध्ये आली तेव्हा गाणं मस्त वाजत होतं. “दादा, आता बघा,” म्हणत त्या मुलाने आवाज वाढवला. ढोलाचे दोन ठोके पडले आणि वूफर, म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर, गप्प. दोन सेकंदांनी पुन्हा सुरू, पुन्हा गप्प. डिकी उघडली तर ॲम्पवरचा (स्पीकरला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) हिरवा दिवा जाऊन लाल लागलेला. प्रोटेक्ट, म्हणजे काहीतरी बिघाड दिसला म्हणून ॲम्पने स्वतःला बंद केलेलं.

“हा दुसरा ॲम्प आहे. पहिला पण असंच करायचा, म्हणून बदलला.”

हे ऐकल्यावर खरं तर माझी ट्यूब पेटायला हवी होती. दोन वेगळ्या ॲम्पना एकच दुखणं असेल तर ते ॲम्पचं नसतंच. पण त्याआधीच्या दोन गाड्यांत स्पीकरची वायर बॉडीला टेकलेली निघाली होती, त्यामुळे माझ्या डोक्यात तेच बसलेलं. तास गेला त्यात. वूफर सोडवून कॉइल मोजली, ३.६ ओम, ४ ओमच्या वूफरला तेवढंच दिसतं. वायर कुठेही टेकत नव्हती. ॲम्पला चालू हो म्हणून सांगणाऱ्या रिमोट वायरवरही १२ व्होल्ट येत होते.

मग सप्लायकडे वळलो. इंजिन चालू, गाणं बंद, ॲम्पच्या टर्मिनलवर १४.१ व्होल्ट. अर्थची, म्हणजे ॲम्पच्या मायनसची, वायर डिकीच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेली होती. अर्थ मोजला, ०.३ ओम. चांगला वाटला. सवयीने मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून पाहिली, तर ती नुसतीच ०.२ दाखवत होती. म्हणजे अर्थमध्ये ०.१ ओम. आता ०.१ ओमला कोण विचारतो? हळू आवाजात ॲम्प दोन अँपिअर ओढतो, तेव्हा तिथे ०.२ व्होल्ट पडतात आणि कुणाला कळतही नाही. पण ठोका पडला की हाच ॲम्प तीस अँपिअर ओढतो. तेव्हा पडतात तीन व्होल्ट.

गाण्यावर मीटरचे आकडे नुसते नाचतात, वाचता येत नाहीत. म्हणून ५० हर्ट्झचा टेस्ट टोन लावला, ॲम्प बंद पडेल त्याच्या जरा अलीकडे आवाज ठेवला आणि बॅटरीपासून एक लांब वायर डिकीपर्यंत ओढली. बॅटरीवर १३.६. ॲम्पवर १०.२. प्लसच्या वायरमध्ये पडत होते जेमतेम ०.३ आणि अर्थमध्ये ३.१. आवाज आणखी थोडा वाढवला असता तर व्होल्टेज दहाच्या खाली जाऊन ॲम्पने स्वतःला बंद केलं असतं. त्याच्या दृष्टीने बॅटरी मेली होती.

स्क्रू सोडवला. खाली गाडीचा रंग जसाच्या तसा, चकचकीत. लग, म्हणजे वायरीच्या टोकाचं तांब्याचं कडं, रंगावर बसवलेला, पत्र्याशी गाठ फक्त स्क्रूच्या आट्यांची. तिथेच तांब्याला तपकिरी वर्तुळ पडलं होतं आणि स्क्रू बोटाला गरम लागत होता. ज्याने बसवलं त्याने वायर मात्र जाडजूड, भारीतली घातली होती. असं काम पाहिलं की मला राग येतो: वायरीवर खर्च करायचा आणि पॉलिश पेपर दोन मिनिटं घासायचा कंटाळा.

जवळच जाड पत्र्याची जागा पाहिली (सीट बेल्टचा बोल्ट आयता दिसतो, पण त्याला मी हात लावत नाही), पत्रा पांढरा होईपर्यंत घासला, स्टार वॉशर घालून नट-बोल्टने लग आवळला आणि गंज चढू नये म्हणून वरून ग्रीस लावलं. पुन्हा तोच टोन. अर्थमध्ये ०.१ व्होल्ट, ॲम्पवर १३.१. मग त्याचं ढोलाचं गाणं लावलं. नंबरप्लेट थरथरायला लागली, पण दिवा हिरवाच.

“पहिला ॲम्प कुठंय?” मी विचारलं.

स्टेपनीखालून त्याने जुन्या टॉवेलात गुंडाळलेला ॲम्प काढला. त्याच वायरींवर लावला. वाजला, पूर्ण आवाजात. मुलगा दोन्ही ॲम्पकडे आळीपाळीने बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “दादा, घरी सांगू नका हं. बाबा तेव्हाच म्हणाले होते, वायरिंग बघ म्हणून.”