अकूस्टिक गिटार थेट मिक्सरला लावण्याआधी हे वाचा

"दादा, तुमची गिटारच तसली आहे." आमच्या सोसायटीच्या कोजागरीला साउंडच्या ऑपरेटरने सगळ्यांसमोर मला हे ऐकवलं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. गिटारला काहीही झालेलं नव्हतं. नुकताच पिकअप (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) बसवून पहिल्यांदा कार्यक्रमात वाजवणार असाल, तर तुमच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून सविस्तर लिहितोय.

माझा पिकअप पिझोचा, म्हणजे दाबातून वीज तयार करणारा, घोडीवरच्या पांढऱ्या सॅडलखाली बसणारी पातळ पट्टी. पॅसिव्ह, म्हणजे त्याला बॅटरी नाही आणि प्रीअँपही (सिग्नल मोठा करणारं छोटं सर्किट) नाही. कारागिराने छान बसवून दिला, सहाही तारा सारख्या बोलत होत्या. पुण्यात बुधवार पेठेतून मोनो पी-३८ (गिटारला लागते ती पाव इंची) पिनांची चांगली केबल आणली. दुकानात सांगितलं, "थेट मिक्सरला लावा, मध्ये काही लागत नाही."

गच्चीवर केबल मिक्सरच्या लाइन इनपुटला (कीबोर्डसारखी वाद्यं लावतात तिथे) लावली आणि स्पीकरमधून जे आलं ते पत्र्याच्या डब्यावर रबर ताणून छेडल्यासारखं होतं. जाड तारेचा भरीवपणा पार गेलेला, नुसती नखांची टिकटिक. आवाज इतका बारीक की ऑपरेटरने गेन (येणारा सिग्नल वाढवणारा नॉब) जवळजवळ टोकाला नेला, तशी घरघर वाढली. मग त्याने बास पूर्ण चढवला, ट्रेबल पूर्ण उतरवला. टिकटिक दबली, पण बास मुळात मिक्सरपर्यंत पोचतच नव्हता, तर चढणार काय? मी विचारलं, डीआय बॉक्स आहे का, म्हणजे वाद्याचा सिग्नल मिक्सरच्या माइक इनपुटला जुळवून देणारी डबी? "आपल्याकडे सगळे असंच लावतात," म्हणाला आणि पुन्हा त्याच नॉबांकडे वळला. तबल्याचा माइक लागायचा होता, निवेदिका खोळंबली होती, मसाला दूध उकळायला लागलं होतं आणि माझं साउंडचेक तिथेच अडलेलं. शेवटी त्याने पिकअपचा नाद सोडून गिटारसमोर गाण्याचा माइक उभा केला. मॉनिटर पायाशीच होता, त्यामुळे आवाज जरा वाढवला की शिट्टी. त्यावर ते गिटार तसली असल्याचं वाक्य.

मार्ग निघाला तो बास गिटार वाजवणाऱ्या मित्राच्या अँपमुळे. मी माझी केबल सरळ त्याच्या अँपला खोचली आणि पहिल्याच कॉर्डला पूर्ण गिटार ऐकू आली. पिकअप, केबल, गिटार सगळं शाबूत आहे आणि घोळ मिक्सरच्या इनपुटचा आहे, हे तिथल्या तिथे सिद्ध झालं. अँपच्या मागे डीआय आउट होता, तिथून कॅननची केबल (माइकला असते ती तीन पिनांची, एक्सएलआर) मिक्सरच्या माइक इनपुटला नेली. अँप माझ्याकडे आला, पण मित्राच्या बास गिटारमध्ये बॅटरीवरचा प्रीअँप होता, म्हणून तो थेट लाइन इनपुटवर व्यवस्थित चालला. ऑपरेटरने मुकाट्याने सगळे नॉब मध्यावर आणले. खरं सांगतो, त्या रात्री टाळ्यांपेक्षा मला याचंच समाधान जास्त वाटलं.

आता कारण. पिझो म्हणजे विजेच्या दृष्टीने एक छोटा कपॅसिटर, समजा १ नॅनोफॅरडचा. लाइन इनपुटचा इम्पीडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १० किलोओहम. दोघं मिळून एक फिल्टर तयार होतो आणि सुमारे १६,००० हर्ट्झच्या खाली आवाज उतरत जातो. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची, म्हणजे तिच्या वाट्याला काय उरतं बघा. इनपुट १ मेगाओहमचं असेल तर हीच सीमा १६० हर्ट्झवर येते, १० मेगाओहमला १६ वर. गिटार किंवा बासच्या अँपचं इनपुट बहुधा १ मेगाओहमच्या आसपास असतं, म्हणून तिथे जमलं. पिझोसाठी खास बनवलेले काही प्रीअँप १० मेगाओहमचे असतात ते यामुळेच.

तेव्हा डीआय घ्यायचा तर अॅक्टिव्ह घ्या, निदान १ मेगाओहमचा. ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय असल्या पिकअपला पुरत नाही. काही मिक्सरच्या एखाद्या चॅनेलवर हाय-झेडचं, म्हणजे जास्त इम्पीडन्सचं, बटण असतं, ते आधी शोधा. अॅक्टिव्ह डीआयला वीज लागते, ती ४८ व्होल्टच्या फँटममधून (मिक्सर माइकच्याच केबलमधून पाठवतो ती वीज) मिळते किंवा बॅटरीवर. फँटम द्यायच्या आधी त्या चॅनेलचा आवाज बंद करायला सांगा, नाहीतर स्पीकरमध्ये धाडकन आवाज येतो.

तुमच्या गिटारमध्ये बॅटरीवरचा प्रीअँप असेल तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही, पण पिन मात्र मोनोच लावा. बहुतेक गिटारींमध्ये मोनो पिन आत गेली की बॅटरी सुरू होते; स्टिरीओ पिन लावली तर ती सुरूच होत नाही आणि सगळे पिकअपला दोष देत बसतात. वाजवून झाल्यावर पिन काढायची, नाहीतर बॅटरी रात्रभर जळते.

घरघर राहिली तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्टचं (सिग्नल केबलमधली ग्राउंडची जोडणी तोडणारं) बटण दाबून पाहा. पण वायरीची अर्थिंगची पिन कापायला कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नका, शॉक बसू शकतो. शिट्टी थांबवायला साउंडहोलवर रबराचं झाकण मिळतं, ते खरंच उपयोगी आहे. आणि गिटारपासून डीआयपर्यंतची केबल ३ मीटरच्या आत ठेवा. पुढे कॅननची केबल गच्चीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेली तरी चालते.