कपाटातला फोन

"मुलाचा आठ दिवसांत एक मेसेज नाही. फोन बिघडलाय का, तेवढं बघ," दुकानाच्या काउंटरवर फोन ठेवत काकू म्हणाल्या. मग हळूच, "बिघडला नसेल तर तो खरंच रागावलाय." जाताना दोघांची बाचाबाची झाली होती.

ब्लॉक लिस्ट पाहिली, स्पॅम पाहिलं. माझ्या अँड्रॉइडवरून एसएमएस केला, लगेच आला. फोन ठणठणीत होता, पण काकूंना तसं सांगायला जीभ रेटेना.

"मुलाकडे कुठला फोन?"

"आयफोन. माझाही आधी तोच होता ना."

सहकाऱ्याच्या आयफोनवरून मेसेज केला. निळ्या फुग्यात गेला, खाली 'डिलिव्हर्ड' उमटलं. काउंटरवरचा फोन गप्पच.

माझ्या पोटात गोळा आला. जुन्या आयफोनमधलं सगळं नव्या अँड्रॉइडमध्ये मीच घालून दिलं होतं. फोटो, नंबर, सगळं. आयमेसेज बंद करायचं तेवढं राहिलं. 2011 साली आलेली अॅपलची ही सेवा मेसेज इंटरनेटवरून, निळ्या फुग्यात पाठवते. नंबर तिथे नोंदलेला असला की समोरचा आयफोन आधी तोच रस्ता धरतो. 2024 मध्ये आयओएस 18 पासून आयफोनवर आरसीएस, म्हणजे एसएमएसची नवी, सुधारलेली पद्धत आली, अँड्रॉइडशी देवाणघेवाण सुधारली. पण अशा नंबरसाठी आरसीएसची किंवा एसएमएसची पाळीच येत नाही. जुना फोन हाताशी नसेल तर एसएमएसवर कोड मागवून नंबर वेबवरूनही काढता येतो. मला मात्र तो 'डिलिव्हर्ड' शब्द छळत होता. मेसेज कुठेतरी पोचले होते.

"काकू, जुना फोन कुठाय?"

"कपाटात. चार्ज करून ठेवते, फोटो आहेत त्यात."

घरच्या वायफायवर तो चालूच होता. त्या जाऊन घेऊन आल्या. एकाखाली एक सहा मेसेज. पहिला, 'पोचलो.' शेवटचा, 'आई, एवढी रागावलीस?'

मी चूक कबूल केली. त्यांनी नुसती मान हलवली. नजर स्क्रीनवरून हटत नव्हती. सिम पिनने काढून जुन्या फोनमध्ये घातलं, आयमेसेज बंद केलं, सिम पुन्हा नव्यात. सहकाऱ्याने परत मेसेज केला. या वेळी हिरवा, म्हणजे आयमेसेजविना गेला, आणि काउंटरवरचा फोन वाजला.

काकूंनी तो उचलला, आलेला मेसेज न पाहताच मुलाचा नंबर लावला आणि दाराकडे वळल्या. "अरे, मी कशाला रागावू?" एवढंच मला ऐकू आलं.