लवंग न घालता लवंगेचा वास

म्युनिकला आल्यावर पहिल्यांदा वाइसबिअर, म्हणजे इथली गव्हाची बिअर, चाखली आणि वेटरला विचारलं, यात लवंग घालता का? तो नाही म्हणाला. गव्हाचा आणि जवाचा माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), हॉप्स नावाची कडवट फुलं, पाणी, यीस्ट, बस्स. तरी आधी पिकलं केळं आणि मागून लवंग, असा वास स्पष्ट येत होता. तो आपल्या भांड्यात उतरवायचाच, असं मनाने घेतलं.

पहिली खेप जुलैत केली. अडीच किलो गव्हाचा माल्ट, दोन किलो जवाचा, वीस लिटरचा हिशेब. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे नाचणीला मोड आणून वाळवतो तसंच की!" अगदी तसंच. मोड येताना दाण्यात जी एन्झाइम्स तयार होतात, तीच गरम पाण्यात धान्यातल्या स्टार्चची साखर करतात. मी सरळ ६५ अंशांवर तासभर ठेवलं. पुढे गाळताना सगळं अडलं. गव्हाला जवासारखं टरफल नसतं, त्यामुळे चोथ्याचा लगदा होऊन चाळणी तुंबली. ढवळून, पुन्हा बसू देऊन, धार बारीक ठेवून गाळायला तीन तास लागले. मग स्वयंपाकघरात २७ अंशांवर आंबवली. बाटली उघडली तर नुसतं केळं! लवंगेचा मागमूस नाही.

शेजारच्या आजोबांनी चव घेतली आणि एकच प्रश्न विचारला, "पंचेचाळीसवर थांबला होतास का?"

सगळी मेख तिथे होती. ४५ अंशांच्या आसपास धान्यातून फेरुलिक आम्ल सुटतं आणि वाइसबिअरचं खास यीस्ट त्याचं लवंगेच्या वासाच्या द्रव्यात रूपांतर करतं. केळ्याचा वासही यीस्टचाच, आणि उष्णता वाढली की तो वरचढ होतो. इथली बिअर पिताना मला जे मसाल्याचं वाटलं होतं, ते सगळं तापमानाचं काम होतं. म्युनिकच्या बव्हेरिया प्रांतातल्या १५१६ च्या फर्मानात तर बिअरला जव, हॉप्स आणि पाणी एवढंच मान्य होतं. पुढे गव्हाची बिअर राजघराण्याची मक्तेदारी झाली, आणि १८७२ मध्ये गेऑर्ग श्नायडर यांनी ती बनवण्याचा हक्क मिळवला. इतकी जपलेली चीज मी ६५ अंशांवर उरकायला निघालो होतो, याचं वाईट वाटलं.

ऑक्टोबरात पुन्हा मांडलं. ४५ वर वीस मिनिटं, ६३ वर चाळीस, ७२ वर वीस. थेंबभर आयोडीन टाकून पाहिलं, निळं झालं नाही, म्हणजे स्टार्च संपलं. बव्हेरियातल्याच हालरटाऊ भागातले हॉप्स पंचवीसच ग्रॅम, तासभर उकळी. या बिअरला कडूपणा बेताचाच हवा. आंबवायला तळघरात ठेवली, १८ अंशांवर. बाटल्या भरताना लिटरमागे आठ ग्रॅम साखर घातली, बाटल्या जाड काचेच्या घेतल्या.

तीन आठवड्यांनी आजोबांना बोलावलं. त्यांनी उंच ग्लास तिरका धरला, हळू ओतली, शेवटचे दोन बोटं बाटलीत ठेवून ती गोल फिरवली आणि तळाचं यीस्टही ग्लासात घेतलं. फेसाला नाक लावून बराच वेळ थांबले. मग ग्लास माझ्याकडे सरकवला. लवंग होती.