तुम्ही विचारलंत म्हणून : कमरेची गादी सरकली आहे, घरी काय करू?

हा प्रश्न बहुधा एमआरआयचा रिपोर्ट हातात असतानाच येतो. त्यावर एल४-एल५ किंवा एल५-एस१ असं काहीतरी, म्हणजे गादी कोणत्या दोन मणक्यांमधली ते, लिहिलेलं असतं, कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरत असते आणि विचारणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात : ऑपरेशन लागेल का, आणि तोवर घरी काय करायचं. ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. घरी काय करायचं, हे मात्र नीट सांगावं लागतं.

पण आधी घरी थांबणं योग्य आहे का ते बघा. लघवी तुंबली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा सुटला, सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग बधिर झाला, किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर रात्र असली तरी त्याच क्षणी इस्पितळ गाठा. कण्याच्या खालच्या भागात नसांचा जुडगा असतो. तो दाबला गेला असेल तर ऑपरेशनला एकेक तास महत्त्वाचा असतो. ताप, कारण नसताना उतरलेलं वजन, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा पडल्याचं निमित्त असेल, तरीही घरगुती उपायांत दिवस घालवू नका. हे काही नसेल तर रोज एकदा पायाची ताकद तपासा. आधाराला भिंत धरून टाचांवर दहा पावलं चाला, मग एका पायावर उभं राहून दहा वेळा टाच उचला, नंतर दुसऱ्या पायावर. दुखऱ्या पायाचा चवडा वर उचलला जात नसेल किंवा दोन-तीन वेळातच टाच उचलेनाशी होत असेल, तर नस नुसती दुखत नाही, तिची ताकदही जाते आहे. त्यासाठी डॉक्टरांकडे लगेच जावं.

आता गादीबद्दल. ती खरं तर सरकत नाही, वरच्या-खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. बाहेरून चिवट तंतूंचे थर आणि आत मऊ, ओलसर गर अशी तिची रचना. मागच्या बाजूच्या तंतूंना चीर पडली की गर तिथून फुगतो किंवा बाहेर येतो आणि शेजारून जाणाऱ्या नसेला लागतो. दाब तर पडतोच, शिवाय त्या गरामुळे नसेला सूज येते. म्हणूनच कुणी दाबून किंवा झटका देऊन गादी ‘बसवू’ शकत नाही. ते काम शरीर स्वतः करतं, बाहेर आलेला गर त्याच्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात. रिपोर्टमध्ये मोठा तुकडा सुटलेला दिसला की माणूस हादरतो, पण असे सुटलेले तुकडे बऱ्याचदा जास्त चांगले विरघळतात. ६ ते १२ आठवड्यांत बहुतेकांचा पाय बराच मोकळा होतो. तेवढ्या काळात ती चीर पुन्हा पुन्हा ताणली जाऊ नये आणि नस चिडू नये, हे घरी सांभाळायचं.

त्यासाठी एकच खूण लक्षात ठेवा : किती दुखतं यापेक्षा कुठवर दुखतं ते बघा. पोटरीतली कळ मांडीपर्यंत वर आली, मांडीतली कुल्ल्यात आली, तर तुम्ही करताय ते बरोबर आहे, मग कंबर थोडी जास्त दुखू लागली तरी चालेल. उलट कंबर हलकी झाली पण पावलाला मुंग्या येऊ लागल्या, तर ते करणं थांबवा. १९५६ मध्ये न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांच्याकडे एक रुग्ण डोक्याकडून उचललेल्या टेबलावर चुकून पालथा पडून राहिला आणि काही मिनिटांत त्याच्या पायातलं दुखणं गेलं. पाठ मागे झुकवण्याच्या व्यायामांची आजची पद्धत तिथून उभी राहिली.

ती अशी करायची. जमिनीवर चटई घाला किंवा टणक गादीवर पालथं झोपा. हात अंगालगत, मान एका बाजूला वळवलेली. दोन-तीन मिनिटं नुसतं पडून राहा. या वेळी कुल्ले नकळत आवळलेले असतात, ते सैल सोडा. एवढंही सोसत नसेल तर ओटीपोटाखाली उशी घ्या आणि दुखणं उतरेल तशी ती काढा. मग कोपरं खांद्यांच्या बरोबर खाली आणून त्यांच्यावर रेला, पुन्हा दोन-तीन मिनिटं. हे जमलं की हाताचे पंजे खांद्यांखाली टेकवा आणि कोपरं सरळ करत छाती उचला. वर एक-दोन सेकंद थांबा, खाली या. असं दहा वेळा, दिवसात दर दोन-तीन तासांनी.

चुका इथेच होतात. लोक पाठीच्या जोरावर वर येतात. उचलण्याचं काम फक्त हातांचं आहे, कंबर ओल्या कपड्यासारखी खाली लोंबली पाहिजे. काहींचं ओटीपोटच जमिनीवरून सुटतं, मग कमरेला वाक मिळतच नाही. बरेच जण श्वास कोंडतात. वर पोचल्यावर श्वास सोडून बघा, कंबर आपोआप आणखी थोडी खाली बसते. दहा झाले की उभं राहून चार पावलं टाका आणि कळ कुठे आहे ते तपासा. खाली उतरली असेल तर आधीच्या पायरीवर, म्हणजे कोपरांवर किंवा नुसतं पालथं, परत या. दोन-तीन प्रयत्नांत दर वेळी ती खालीच जात असेल तर हा व्यायाम तुमच्यासाठी नाही. उतारवयात कण्यातली नळी अरुंद झालेल्यांना पुढे वाकल्यावर बरं वाटतं आणि मागे झुकल्यावर पाय भरून येतात, त्यांनीही याच्या वाटेला जाऊ नये. आणि आरशात धड एका बाजूला कललेलं दिसत असेल, तर आधी फिजिओथेरपिस्टकडून तो कल दुरुस्त करून घ्या.

पालथं पडणं अजिबातच जमत नसेल त्या दिवशी उताणं झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, खुबे आणि गुडघे काटकोनात. दहा-पंधरा मिनिटांत कंबर सैल पडते. यातून आराम मिळतो इतकंच, दिवसभर असं पडून राहू नका.

सकाळबद्दल माझा आग्रह सर्वांत जास्त आहे. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या या गाद्या (चकत्या) पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपली उंचीही किंचित जास्त भरते. त्या वेळी वाकलं तर फुगलेल्या चकतीच्या मागच्या तंतूंवर सर्वांत जास्त ताण येतो. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात पुढे वाकायचं नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळांचा दिवस सुधारतो. अंथरुणातून उठतानाही आधी गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदम वळवून कुशीवर या, पाय पलंगाखाली सोडा आणि त्याच वेळी हाताने रेटा देत बसते व्हा. तोंड धुताना एक हात बेसिनच्या कडेवर टेकवा, गुडघे किंचित वाकवा आणि खुब्यातून झुका. पायमोजे आणि लेसचे बूट तासाभरानंतर. सकाळी उठल्या उठल्या पायाचे अंगठे धरण्याचा नेम असेल तर तो तूर्त बंद.

शिंक आणि खोकलाही असाच घात करतात, पोटातला दाब एकदम वाढून कळ पोटरीपर्यंत जाते. शिंक येतेय असं वाटताच ताठ उभं राहा, एक हात भिंतीला लावा, कंबर थोडी मागे झुकवा आणि मगच शिंका. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने हेच होतं.

बसणं वीस-तीस मिनिटांपेक्षा जास्त नको. कमरेच्या खळग्यात टॉवेलची सुरळी ठेवा आणि खुबे गुडघ्यांपेक्षा जरा उंच राहतील अशी खुर्ची निवडा. मऊ सोफा पूर्ण टाळा. सपाट जागी दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा चाला. एका दमात तासभर चालण्यापेक्षा हे चांगलं. अगदी असह्य दुखत असेल तर एक-दोन दिवस पडून राहायला हरकत नाही. त्याहून जास्त विश्रांतीचा उपयोग होत नाही, स्नायू मात्र ढिले पडतात.

एक गैरसमज फार नुकसान करतो. मांडीच्या मागे ओढ जाणवते, माणसाला वाटतं शीर आखडली, आणि तो पाय सरळ करून ताणत बसतो. ती ओढ बहुतेक वेळा सुजलेल्या नसेची असते आणि ताणून धरलं की नस आणखी चिडते. तिला ताणायचं नाही, पुढे-मागे सरकू द्यायचं. पहिली तीव्र कळ ओसरल्यावर खुर्चीवर ताठ बसा, गुडघा सरळ करताना मान वर करा, गुडघा दुमडताना मान खाली. कुठेही न थांबता दहा वेळा, दिवसातून दोनदा. ओढ जाणवायला लागते त्याच्या अलीकडेच परत फिरा.

शेक पंधरा-वीस मिनिटं, कपडा मध्ये घालून. पाय बधिर असेल तर पायाला शेक नको, चटका बसला तरी कळणार नाही. कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठीक. दुखणं कमी करायला आयबुप्रोफेन किंवा नेप्रॉक्सेनची गोळी जेवणानंतर थोडे दिवस चालते, पण दोन्ही एकदम कधीच नको. अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं, गर्भारपण यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घेऊ नका. सहा-आठ आठवडे हे सगळं नीट पाळूनही पायातली कळ झोपू देत नसेल, तर सर्जनचं मत घ्या.

पाय दोनेक आठवडे पूर्ण शांत राहिला की वाकणं पुन्हा शिकायचं असतं, हे मात्र बहुतेक जण विसरतात आणि वर्षभर काठीसारखे ताठ वावरतात. दुपारनंतर उताणं झोपून दोन्ही गुडघे हातांनी हळूहळू छातीकडे घ्या, सोडा, पाच-सहा वेळा. लगेच पालथं होऊन तोच हातांवर उठण्याचा व्यायाम दहा वेळा करा. दुसऱ्या दिवशी पोटरीत काही जाणवलं नाही तर चालू ठेवा. जाणवलं तर चार दिवस थांबा आणि पुन्हा तिथूनच सुरू करा.